डब्लिनला जाऊन आलो

गाला, मस्कत
नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा

प्रिय रमण,

हे पत्र एकनाथच्या हाती देतो आहे. एकनाथ म्हणजे आपल्या खालच्या गॅरेजमधला, गाड्यांचे पोचे काढणारा डेंटर, शृंगारतळीचा. तू गावी गेल्यावर तो इथे आला, त्यामुळे तुमची ओळख नाही. तो सुट्टीवर निघाला आहे आणि तुझं पालशेत आपल्याला काही लांब नाही म्हणाला. पत्र रमणच्याच हातात दे, घरात दुसऱ्या कुणाकडे देऊ नकोस, असं मी त्याला इतक्या वेळा सांगितलं की शेवटी तो म्हणाला, काका, पत्र आहे की सोनं आहे? फोनवर सांगता आलं असतं. पण तुझा फोन वाजला की आधी जितेश उचलतो, नाहीतर तुझी सून शिवांगी, आणि मग तो स्पीकरवर टाकतात आणि सगळं घर ऐकायला बसतं. त्यांच्या मनात काही नसतं, मला ठाऊक आहे. पण हे तसं बोलण्यासारखं नाही. सातवीपर्यंतच शिकलेल्या माणसाचं अक्षर आहे, वाचायला त्रास झाला तर चष्मा पूस आणि पुन्हा वाच, पण कलावती वहिनींना वाचून दाखवायला सांगू नकोस. त्यांना माझा नमस्कार मात्र सांग.

मी डब्लिनला जाऊन आलो. आयर्लंडची राजधानी. ॲव्हरिल तिथल्या हॉस्पिटलात नर्स आहे हे तुला माहीतच आहे. तिचा नवरा इव्हान एका हॉटेलच्या किचनमध्ये असतो, आमच्या वसईकडचाच आहे, निर्मळचा. दोघांनी मला ऑक्टोबरात बोलावून घेतलं, फिरायला म्हणून. पण ते नुसतं फिरणं नव्हतं रे. तिच्या मनात मी कायमचं तिकडे यावं असं आहे. ओमान सोड, गालाची खोली सोड, ते गाड्यांच्या सीट शिवणं सोड आणि आमच्याकडे राहा. कागदपत्रांचं ती बघतेय. नाताळपर्यंत हो की नाही सांग म्हणाली आहे. डब्लिनला पाय ठेवल्यापासून ते परत येईपर्यंत माझ्या डोक्यात हेच एक होतं, आणि अजून तेच आहे.

तू म्हणायचास, बेसिल, तू काळजीचं दुकान काढ, गिऱ्हाईक नाही आलं तरी तुझा माल तूच घेशील. तसंच झालं. पासपोर्ट हरवेल म्हणून मी बनियनला आतून खिसा शिवला, सीटकव्हरच्या दोऱ्याने, दुहेरी टीप मारून. डब्लिनच्या विमानतळावर साहेबाने पासपोर्ट मागितला तेव्हा मला त्याच्यासमोर कोट, स्वेटर, शर्ट सगळं उघडत बसावं लागलं. मागे रांग. तो साहेब मान वळवून छताकडे बघत राहिला. चांगला माणूस. बाहेर ॲव्हरिल उभी होती, गळ्याला मिठी मारून रडली आणि पहिलं काय विचारलं असेल, तर रमण काका कसा आहे. मजेत आहे म्हटलं. खोटं नव्हतं ते, तू मजेतच आहेस ना?

शहर चांगलं आहे. मधून नदी जाते, तिच्यावर पूल, दुमजली बस, जुनी दगडी घरं, आणि लोक धक्का आपण मारला तरी सॉरी तेच म्हणतात. पाऊस पडतो तो कळतच नाही, कुणी ओला कपडा झटकल्यासारखा. मी छत्री उघडली की तो थांबायचा. थंडी मात्र हाडात शिरते. ॲव्हरिलच्या गल्लीत दोन्ही बाजूंना मोठी झाडं आहेत आणि पहिल्या सकाळी खिडकीतून पाहिलं तर सगळी पिवळी पडलेली. मला वाटलं, पाणी बंद झालं. तू हसशील, पण इतकी वर्षं मस्कतला राहिल्यावर दुसरं काय वाटणार? इथे झाड पिवळं पडलं की समजायचं, मुळाशी टाकलेला पाण्याचा पाइप चोंदला. मी खाली जाऊन बुंध्याभोवती पाय फिरवून पाइप शोधत होतो. शेजारची म्हातारी कुत्रा घेऊन चालली होती, तिने विचारलं काय हरवलं. मी म्हटलं, वॉटर, वॉटर. ती घरात गेली आणि माझ्यासाठी पेलाभर पाणी घेऊन आली. मी प्यालो. नाही कसं म्हणायचं?

इव्हानने संध्याकाळी समजावलं की पप्पा, ही झाडं दरवर्षी अशी होतात, सगळी पानं गाळून टाकतात आणि थंडीभर उघडी उभी राहतात. मेलेली नसतात. ते मला पटलं, पण बघवत नव्हतं. वसईला आमच्या वाडीत पानं पडतात, पण झाड कधी रिकामं होत नाही, एकीकडे पडत असतात, दुसरीकडे नवी येत असतात. हे म्हणजे रोज थोडं थोडं कमी होताना बघायचं. ती दोघं कामावर गेली की मी खिडकीत बसून तेच बघायचो. ॲव्हरिलची ड्युटी लांबते, इव्हान उशिरा येतो. टीव्ही लावून जायची माझ्यासाठी, पण त्यातलं इंग्रजी मला कळत नाही, आणि हिंदी लावलं तर सगळे रडतच असतात. त्यांच्या सोफ्याच्या गाद्या फाटल्या होत्या, त्या उसवून नीट शिवून दिल्या. मग हाताला काम उरलं नाही. झोपही नीट येईना. घर इतकं शांत की आपलाच श्वास ऐकू यायचा. आपल्या खोलीतला तो खिडकीतला एसी, ज्याला तू कितीदा खोललास आणि कितीदा शिव्या दिल्यास, त्याच्या घरघरीची इतकी सवय झालेली की ॲव्हरिलकडे मी टेबल फॅन मागितला. थंडीत. ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग कपाळाला हात लावून बघितला, ताप आहे का म्हणून.

आता आगीचं सांगतो. कुणाकडून वेडंवाकडं कानावर येण्याआधी मीच सांगतो. घरामागे त्यांचं छोटं अंगण आहे, तिथे पानांचा नुसता थर झालेला. एके सकाळी मी खराटा शोधला, तसला खराटा तिकडे मिळत नाही, मग प्लास्टिकच्या झाडूने सगळं झाडून कोपऱ्यात ढीग केला. आणि थंडीच्या दिवसांत आम्ही वाडीत करायचो तेच केलं. ढीग पेटवला. लहानपणी बाबा पानं पेटवायचे, आम्ही भावंडं भोवती बसायचो, राखेत रताळी पुरायची. ॲव्हरिलच्या घरी बटाटे होते, दोन बटाटे मी खुपसून ठेवले. पण पानं ओली. पेटायचं सोडून धूर, आणि धूर म्हणजे असा धूर की मला माझे हात दिसेनात. भिंतीपलीकडून ती पाणीवाली म्हातारी ओरडायला लागली. मी नो प्रॉब्लेम, नो प्रॉब्लेम म्हणतोय, खोकतोय, तोवर बंब आला. लाल, मोठा, आणि त्यातून पोरं उतरली ती एवढी उंच. काय विचारत होते ते मला एक अक्षर कळेना. घाबरलो रे. आणि घाबरल्यावर माझ्या तोंडून काय आलं असेल, तर अरबी. खलास, खलास, मुश्किल नाही, आपलं, माफी मुश्किला. त्यांनी पाणी मारलं, बटाट्यांसकट. एकाने मला खुर्चीत बसवलं, खांद्यावर त्याचा कोट टाकला आणि माझ्या फोनमधून ॲव्हरिलचं नाव शोधून तिला फोन केला.

ती ड्युटी सोडून आली, हॉस्पिटलच्या कपड्यांवरच. रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. माझी पामेला असती तर तिने मला अंगणातच उभं करून अख्ख्या गल्लीला ऐकवलं असतं, आणि मग हसली असती. पोरीने नुसता चहा केला, माझ्या हाताला मलम लावलं आणि समोर बसली. इव्हान आल्यावर त्याने थोडी गंमत केली, पप्पा, फायर ब्रिगेडवाले आता अरबी बोलायला लागलेत म्हणे. ती हसली नाही. म्हणाली, पप्पा, आज तू इकडे होतास, मी लगेच आले. तिकडे गालाला असं काही झालं तर? तिचं मराठी असंच, अडखळत. मस्कतच्या शाळेत सगळं इंग्रजीत, घरात आम्ही बोलायचो तेवढंच. पण रडायला आलं की ती मराठीतच बोलते, हे तिच्या आईनेच मला दाखवून दिलं होतं. मग तिने मला आणखी एक गोष्ट विचारली. मी तिला काय उत्तर दिलं ते सांगतो, पण आधी दुसरं सांगू दे, नाहीतर राहून जाईल.

नोव्हेंबरच्या दोन तारखेला आमच्यात मृतांचा दिवस असतो. वसईला त्या दिवशी सगळं गाव दफनभूमीत लोटतं, फुलं, मेणबत्त्या, घराघरातली माणसं आपापल्या कबरीपाशी. पामेला गेल्यापासून ती तारीख मी कधी चुकवली नाही, हे तुला मी सांगायला नको. कोरोनाच्या वर्षी ती गेली, विमानं बंद, वसईला नेता येईना, मग इथल्याच ख्रिस्ती दफनभूमीत ठेवली. मोजकी माणसं आत सोडली होती. फादर लांब उभे, तोंडावर मास्क, आणि तू. ॲव्हरिल तेव्हा नुकतीच डब्लिनला गेलेली, अडकली होती तिकडे. तू सगळा वेळ हात वर करून फोन धरून उभा होतास, आपल्या आईला पोरीने नीट बघावं म्हणून. उन्हाने तुझं डोकं तापलं, घाम डोळ्यात जात होता, पण तू हात बदलला नाहीस. शेवटी मातीची मूठ टाकायची वेळ आली तेव्हा तू विचारलंस, मी टाकली तर चालेल का. मी बाजूला सरकून तुला जागा करून दिली. नंतर मी फ्लॅट सोडला आणि तू मला तुझ्या खोलीत घेऊन आलास. दर शुक्रवारी तू त्या जुन्या पिकअपमधून मला तिच्याकडे न्यायचास, आणि गेटाबाहेर विडी ओढत थांबायचास, आत येऊ का असं न विचारता.

तर यंदा ती तारीख डब्लिनमध्ये आली. ॲव्हरिलने सुट्टी घेतली आणि मला जवळच्या एका जुन्या दफनभूमीत घेऊन गेली. मला वाटलं गर्दी असेल. इनमिन चार म्हातारे. पाऊस, आणि कबरींवर ओली पानं चिकटलेली, नावं दिसत नव्हती. आमच्याकडे रीत आहे, आपल्या माणसांच्या मेणबत्त्या लावून झाल्या की एक मेणबत्ती अशा कबरीवर लावायची, जिच्याकडे कुणी येत नाही. माझं आपलं माणूस तिथे कुणीच नव्हतं, म्हणून मी थेट तीच लावली. एका दगडावरची पानं हाताने काढली. कुणी बाई होती, मार्गारेट की काय, शंभर वर्षांपूर्वी गेलेली. वाऱ्याने मेणबत्ती राहीना, तेव्हा ॲव्हरिल तिचा कोट पसरून आडोसा करून उभी राहिली. मी प्रार्थना म्हणत होतो आणि मनात एकच, या वेळी मस्कतला पामेलाच्या दगडावर मेणबत्ती लावायला कुणी नाही. तिच्याकडे कुणी येत नाही असं समजून एखाद्या परक्या माणसाने लावली असेल का? मला ते ॲव्हरिलला सांगायचं होतं. पण तिने माझ्याकडे बघून म्हटलं, मम्मी इकडे पण आहे पप्पा, एव्हरीव्हेअर आहे. मी मान हलवली. तिला तसं वाटतं तर वाटू दे. तिने आईची कबर मोबाइलवर बघितली, मी तर हाताने साफ करतो, तिथली वाळू दर आठवड्याला नव्याने येते. दोन्हीत फरक आहे, पण तो पोरीला कसा सांगायचा?

परत आलो त्याला दोन आठवडे झाले. विमानतळावरून खोलीवर आलो, दार उघडलं, आणि सवयीने यल्ला, चल, चहा टाक, म्हणून गेलो. मग बॅग ठेवली आणि मीच टाकला. इथलं म्हणशील तर तुझा मित्र मलबारी आता हॉटेलात बसत नाही, त्याचा भाचा बसतो, चहात दूध जास्त घालतो. समोरचं बॅटरीचं दुकान बंद होऊन तिथे टायरवाला आला आहे, दिवसभर ठोकाठोकी. आपल्या मालकाच्या, अर्बाबच्या, गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तो काठी घेऊन येतो, आणि अजून मला सुट्टीच्या शुक्रवारी सुद्धा विचारतो, बेसिल, लँडक्रूझरची सीट कधी? त्याचा मुलगा मात्र विचारतो, बेसिल, तू घरी कधी जाणार? शेजारच्या खोलीत नवीन बांगलादेशी मुलं आली आहेत, चांगली आहेत, पण त्यांना माझं बोलणं कळत नाही. बरका गावाहून येणारा मासेवाला आता शुक्रवारऐवजी गुरुवारी येतो आणि सुरमई अर्धी कापून द्यायला कुरकुर करतो. तीन दिवस तेच खातो मग. पाण्याची टाकी बदलली. जिन्यातला दिवा गेलेलाच आहे. गॅस बंद केला का म्हणून मी खाली उतरून पुन्हा वर जातो, त्यामुळे गुडघ्याचा व्यायाम होतो. पामेलाकडे आता शेअर टॅक्सीने जातो, पुढे चालावं लागतं. आल्याबरोबर दुसऱ्या दिवशी गेलो. मेणबत्ती नव्हती कुणाची. मी लावली, उशिरा का होईना.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला बसलो ते. त्या आगीच्या संध्याकाळी ॲव्हरिलने मला विचारलं, पप्पा, गालाला तुझ्याबरोबर कोण असतं? आणि मी म्हटलं, रमण काका आहे ना. तू गावी गेलास हे मी तिला कधी सांगितलंच नव्हतं रे. आधी वाटलं तू परत येशील, मग वाटलं उगाच कशाला तिला घोर, आणि मग सांगायची वेळ निघून गेली. काका आहे म्हटल्यावर तिचा चेहरा असा सैल झाला, ती आल्यापासून पहिल्यांदा खुर्चीला टेकून बसली. म्हणाली, काका असेल तर मी फोर्स नाही करणार, तू एकटा असलास तर मात्र मी तुला घेऊन येणार. आता तिला तुझ्या तोंडून ऐकायचं आहे. डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी, फोनमधल्या त्या इमो ॲपवर. नंबर तुझा तोच भारतातला दिला आहे, इथले पुष्कळ जण फोनवर गावचाच नंबर ठेवतात, तिला संशय येणार नाही. जिने तुझ्या हातातल्या फोनमधून आईला शेवटचं बघितलं तिच्याशी तुला खोटं बोलायला सांगतोय, हे मला कळतं. म्हणूनच इथलं सगळं इतकं बारीकसारीक लिहिलं, विचारलं तर अडू नयेस. सगळं सांगू नकोस, पाठ केल्यासारखं वाटेल. चेहरा दाखवू नकोस, कॅमेरा बिघडला म्हण. जितेश-शिवांगी बाहेर असतील असं बघ, मागच्या पडवीत जा आणि कोंबडा तेवढा दूर हाकल, गालाला कोंबडे नाहीत हे तिला माहीत आहे. आणि तुला हे जमणार नसेल तर फोन उचलू नकोस, मी समजेन आणि बॅग भरायला घेईन. पण उचललास, आणि तिने शेवटी विचारलं की काका, पप्पा खरंच बरा आहे ना, तर त्याला काय म्हणायचं ते मी सांगत नाही. तेवढं तुझं तू सांग. तुला जे वाटेल ते.

सकाळी एकनाथ निघतोय, पाकीट चिकटवतो.

तुझाच,
बेसिल